उलटं नाव, सुलटं काम!

दोस्तांनो, कोर्टाचे कागद कुणाचे? सगळ्यांचे! पण अमेरिकेत केंद्रीय कोर्टांचे बरेचसे कागद इंटरनेटवर बघायला पानामागे १० सेंट मोजावे लागतात. त्या यंत्रणेचं नाव ‘पेसर’. मग खिसा रिकामा असलेल्या विद्यार्थ्याने काय करायचं?

२००९ साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या काही जणांनी मस्त तोड काढली. पेसरची इंग्रजी अक्षरं उलटी लिहा. काय झालं? ‘रीकॅप’! हा छोटासा प्रोग्रॅम संगणकात बसवायचा. एकाने पैसे भरून कागद उघडला, की त्याची प्रत सार्वजनिक संग्रहात जाते. पुढच्याला तोच कागद फुकट!

असे लाखो कागद खुले झालेत. पण जो अजून कुणीच उघडला नाही, तो मात्र पैशांच्या कुलपातच आहे!