दाणेदार मिश्रखत : दाणा कसा वळतो आणि घेताना काय पाहावे?



मिश्रखताची गोणी फोडली की ज्वारीएवढे गोल दाणे हाताला लागतात. हे दाणे कसे होतात ते एकदा समजून घ्या, म्हणजे खरेदीत फसगत टळेल.

संक्रांतीचा हलवा आठवा. परातीत तीळ किंवा खसखस फिरवत थेंब थेंब पाक सोडतात, थरावर थर चढतो आणि दाणा फुगतो. खताच्या दाण्याचेही तसेच. कारखान्यात उंच काठाची मोठी लोखंडी थाळी तिरकी बसवलेली असते व ती सारखी फिरत असते. तीत युरिया, डीएपी, म्युरेट ऑफ पोटॅश यांची पूड ठरल्या मापाने पडते. वरून पाण्याचा बारीक फवारा असतो. ओले कण एकमेकांना चिकटतात, गडगडत घट्ट होतात. बारीक माल तळाशी राहतो, मोठे दाणे वर येऊन काठावरून बाहेर पडतात. पाणी कमी पडले तर भुगा राहतो, जास्त झाले तर गोळे होतात. पुढे दाणे वाळवून, थंड करून चाळतात. जाड माल भरडून आणि बारीक माल तसाच पुन्हा थाळीत घेतात.

याचा फायदा काय? नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही एकाच दाण्यात येतात. पेरणीत खत सारखे पडते, वाऱ्याने उडत नाही. खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार अशा खतात किमान ९० टक्के दाणे १ ते ४ मिलिमीटरचे असावे लागतात.

पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. हीच थाळी मातीचेही असेच सुबक दाणे वळते! दाणा गोल आणि कडक आहे, म्हणून खत खरे असे समजू नका. पाण्यात गाळ राहिला म्हणून ते खोटेही ठरत नाही, कारण खतात भराव पदार्थ असू शकतो. खरे-खोटे प्रयोगशाळाच सांगते.

तेव्हा एवढे करा :

१. गोणीवरचे आकडे वाचा. १८:१८:१० असेल, तर ५० किलोच्या गोणीत नत्र ९, स्फुरद ९ आणि पालाश ५ किलो हवे. भावाचा हिशेब यावरून करा.

२. शिवण उसवलेली गोणी घेऊ नका. भुगा फार असेल किंवा दगडासारखे गोळे झाले असतील, तर माल परत करा.

३. पक्की पावती घ्या. ती आणि रिकामी गोणी पीक निघेपर्यंत जपा.

४. संशय आला तर उरलेल्या गोण्या फोडू नका. तालुका कृषी अधिकाऱ्यांना कळवा. खत निरीक्षक रीतसर नमुना घेऊन तपासणीला पाठवतात.

५. घरी गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचा. खताला ओल लागली की दाणा विरघळून ढेकूळ होते.

पैसा दाण्याच्या रूपाला नव्हे, आतल्या अन्नद्रव्याला मोजायचा असतो, बरं का!