मेन्सा म्हणजे काय, आणि आपल्या मुलांनी त्यात जावे का?

‘अमुक वर्षांचा मुलगा मेन्साचा सभासद, बुद्ध्यंक आइन्स्टाइनपेक्षाही जास्त’ अशी बातमी अधूनमधून वर्तमानपत्रात येते आणि पालकवर्गात चर्चा सुरू होते. (आइन्स्टाइनने बुद्ध्यंकाची चाचणी कधी दिल्याचा पुरावा नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.) म्हणून या अंकात थोडी माहिती देत आहोत.

मेन्सा हे एक मंडळ आहे. १९४६ साली इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे रोलंड बेरिल आणि लान्सलॉट वेअर या दोघांनी ते स्थापन केले. लॅटिनमध्ये ‘मेन्सा’ म्हणजे टेबल. गोल टेबलाभोवती सगळे सारखेच, ही त्यामागची कल्पना. प्रवेशाची अट एकच : मान्यताप्राप्त बुद्धिमापन चाचणीत शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणांच्या वर असणे. जात, पदवी, पैसा कोणी विचारत नाही. सभासद झाल्यावर काय? भेटीगाठी, कोडी, खेळ, व्याख्याने आणि भरपूर गप्पा. चाचणीची फी आणि वर्गणी भरावी लागते. एस.एस.एल.सी.ला मात्र त्यामुळे एकही गुण वाढत नाही.

आत जाण्याच्या वाटा दोन. मंडळाने स्वतः घेतलेली, देखरेखीखालची चाचणी द्यायची; किंवा पात्र मानसशास्त्रज्ञाने पूर्वी घेतलेल्या मान्य चाचणीचा अहवाल पाठवायचा. संगणकावर घरबसल्या सोडवलेली कोडी चालत नाहीत. शिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नसतो. वेश्लर चाचणीतील १३० आणि कॅटेल चाचणीतील १४८ हे जवळपास एकाच पायरीचे गुण आहेत. तेव्हा कोणी ‘आमच्या बंड्याचा बुद्ध्यंक १४०’ म्हणाले, तर आधी चाचणीचे नाव विचारावे.

आपल्या भागासाठी खरा प्रश्न भाषेचा आहे. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी सहकारी सिमाँ यांच्यासह पहिली चाचणी केली, ती हुशार मुले निवडण्यासाठी नव्हे, तर शाळेत मागे पडणारी आणि जादा मदतीची गरज असलेली मुले ओळखण्यासाठी. तीच चाचणी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी आपल्याकडच्या मुलांसाठी नव्याने बसवली आणि १९३४ मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला. कोणत्या मुलांसाठी? कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या! बिने-कामत नावाने ती आजही मानसशास्त्रज्ञांना परिचित आहे. फ्रेंच प्रश्नांचे नुसते भाषांतर पुरणार नाही, हे कामतांनी तेव्हाच ओळखले होते.

भालकी, बसवकल्याण, आळंदकडचे आपले मूल घरी मराठी, बाजारात कन्नड आणि शेजारी दखनी बोलते, आणि पुस्तक अनेकदा इंग्रजी वाचते. त्याला इंग्रजी शब्दांचे अर्थ विचारले, तर मोजले जाते ते इंग्रजी. यासाठी आकृत्यांच्या चाचण्या निघाल्या. १९३८ च्या रेव्हनच्या चाचणीत आकृतीमालेतील एक जागा रिकामी असते. नियम ओळखून योग्य तुकडा निवडायचा. शब्द लागत नाहीत. तरीही ज्या मुलाने असे कोडे कधी पाहिलेच नाही ते बिचकते, आणि सराव केलेल्याला गुण जास्त पडतात. म्हणून एका दिवसाच्या निकालावरून ‘आमचे पोर ढ’ असा शिक्का कोणी मारू नये. आणि निवड झाली म्हणून साऱ्या गल्लीत पेढे वाटणेही त्या मुलाला पुढे जड जाते, असे आम्हांस वाटते.

आमचे मत विचाराल तर शाळकरी वयात मेन्साची घाई नको. त्याआधी नवोदयची सहावीच्या प्रवेशाची परीक्षा आहे. तिच्यातील ८० पैकी ४० प्रश्न याच आकृत्यांच्या जातीचे असतात, आणि तीनचतुर्थांश जागा ग्रामीण मुलांसाठी आहेत. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. तिच्यातही बौद्धिक क्षमतेचा स्वतंत्र भाग आहे. तेथे यश मिळाले तर शिक्षणाचा खर्च हलका होतो.

पुढे बेंगळुरू, पुणे किंवा हैदराबादला शिकायला गेलेल्या एखाद्या मुलाला वा मुलीला, आपल्या डोक्यात चालते ते बोलायला कोणी नाही असे वाटले, तर मात्र मेन्साची चाचणी जरूर द्यावी. मंडळ निघाले तेच अशा सोबतीसाठी. आणि मानसशास्त्रज्ञाकडून चाचणी करून घ्यायची असेल, तर वेळ ठरवतानाच तीन गोष्टी विचाराव्यात : चाचणी कोणती, ती कोणत्या भाषेत घेणार आणि तिचा अहवाल मेन्साला चालतो का.