तंजावरची बाहुली आणि मोटारीचा तोल

तंजावरच्या बाजारात राजा-राणीच्या डोलणाऱ्या बाहुल्यांच्या जोड्या विकावयास मांडलेल्या असतात. बाहुलीची बैठक गोल व जड, वरचा भाग हलका. बोटाने तिला कितीही कलवावे, ती क्षणभर डोलते आणि पुन्हा ताठ उभी राहते. यात जादू काहीच नाही. तिचा गुरुत्वमध्य बैठकीच्या गोलाईच्या केंद्राहून खाली असतो. बाहुली कलली की तो वर उचलला जातो, आणि तिचे वजनच तिला पूर्वस्थितीस आणते.

स्पोर्ट्स मोटारीचे शौकीन असाच गुण आपल्या गाडीत आणू पाहतात. ते स्प्रिंगा आखूड करून गाडी जमिनीलगत आणतात, रुंद टायर चढवितात, इंजिनाची ताकद वाढवितात. गाडी खाली आली म्हणजे तिचा तोल जाणार नाही, हा त्यांचा समज अर्धाच खरा आहे. डाव्या-उजव्या चाकांतील अंतर १.५ मीटर व गुरुत्वमध्याची उंची ०.५ मीटर असेल, तर ती गाडी उलटावयास तिच्या वजनाच्या सुमारे दीडपट आडवा जोर लागतो. उलट, चांगल्या टायरची कोरड्या डांबरावरील पकड साधारणतः वजनाच्या ०.८ ते ०.९ इतकीच असते. म्हणजे सपाट रस्त्यावर ही गाडी उलटण्यापूर्वी घसरेल. घसरलेली गाडी मात्र बाहुलीप्रमाणे आपण होऊन सावरेलच असे नाही. तिला सावरावयास शिकलेला हात लागतो.

कारखान्यातून निघालेल्या गाडीत बहुधा पुढची चाके आधी पकड सोडतील अशी योजना केलेली असते. गाडी वळणाबाहेर सरकू लागते. घाबरलेला माणूस स्वभावतःच पाय उचलतो. वेग उतरतो, भार पुढच्या चाकांवर येतो आणि पकड परत मिळते. फेरफार करणारा ही योजना पुष्कळदा नकळत मोडतो. मागच्या चाकांच्या स्प्रिंगा फार कडक केल्या, तर तीच चाके आधी सुटतात आणि गाडीची शेपटी फिरते. अशा वेळी एकदम पाय उचलला, तर भार पुढे सरकून मागची चाके अधिकच हलकी होतात. ज्या सवयीने एक गाडी वाचते, तिनेच दुसरी भोवंडते! शिवाय शर्यतीच्या जातीचे टायर अधिक वेगापर्यंत धरून ठेवतात आणि सुटतात तेव्हा फारशी सूचना देत नाहीत.

हे शिकावयाचे कोठे? सार्वजनिक रस्त्यावर खचितच नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १८९ वे कलम शासनाच्या लेखी संमतीवाचून तेथे शर्यती व वेगचाचण्या करण्यास मनाई करते. ५२ व्या कलमाने तर गाडीतील फेरफारांवरच निर्बंध घातले आहेत. मद्रासच्या शौकिनांनी यावर फार पूर्वी उपाय शोधला. १९५३ मध्ये मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला, आणि शहराच्या उत्तरेस शोलावरम येथील महायुद्धकालीन धावपट्टीवर शर्यती भरू लागल्या. १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टै येथे क्लबाचा स्वतःचा बंदिस्त शर्यतमार्ग सुरू झाला. तंजावरहून तो सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे. अंतर थोडे नव्हे. तरी इस्पितळाहून जवळच म्हणावयाचे.

अशा मोकळ्या, देखरेखीखालील जागी, जाणत्या शिक्षकाला शेजारी बसवून, एक वर्तुळ आखावे. त्रिज्या ३० मीटर धरू. ताशी ४० किलोमीटर वेगाने त्यावर फिरताना टायरांकडे वजनाच्या सुमारे ०.४२ पकड मागितली जाते. ५० ला ०.६६, आणि ६० ला ०.९४. मागणी वेगाच्या वर्गाने वाढते. ५० ला निवांत वाटणारी गाडी ६० ला वर्तुळात राहत नाही, याचे कारण हे. म्हणून वेग दर फेरीस दोन-तीन किलोमीटरच वाढवावा, दोन्ही दिशांनी फिरून पाहावे, आणि कोणती चाके आधी सुटली ते वहीत टिपावे. जमीन ओली करून घेतली तर अधिकच उत्तम. पकड ०.४ वर आली की तीच गाडी ताशी ३९ च्या सुमारास घसरू लागते, आणि धडा तोच राहून धोका निम्म्याहून कमी होतो. एका वेळी एकच फेरफार करावा. टायर आणि स्प्रिंगा एकाच दिवशी बदलणाऱ्याला गुण कशाचा आणि दोष कशाचा हे कळत नाही. हेल्मेट, पट्टा, टायरांतील हवा व ब्रेकचे तेल यांविषयी वेगळे सांगावयास नको.

या वहीतील आकडे मात्र त्या जमिनीपुरतेच असतात. सुगीच्या दिवसांत तंजावर जिल्ह्यात शेतकरी भात रस्त्यावर वाळत घालतात. कालव्याकाठच्या अरुंद रस्त्याची डावी बाजू दाण्यांनी झाकून जाते. चाकांखाली ते छऱ्यांसारखे फिरतात. डावी चाके भातावर व उजवी डांबरावर असताना जोराने ब्रेक दाबला, तर गाडी डांबराच्या बाजूस ओढली जाते, आणि समोरून येणारी बसही त्याच बाजूने येत असते.