युद्ध रशिया-युक्रेनचं, झळ पोटॅशच्या गोणीला! आर्थिक निर्बंध म्हणजे नेमकं काय?

टीव्हीवर युद्धाची चर्चा लागली की दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, निर्बंधांनी रशिया बुडाला. दुसरा म्हणतो, रशियाचं काहीच बिघडलं नाही. त्याच क्लिप व्हॉट्सॲपवर फिरतात आणि पारावर वाद रंगतो. आकडे पाहिले तर दोघंही अर्धंच सांगतात.

निर्बंध म्हणजे काय?

सैन्य न पाठवता एखाद्या देशाचा व्यवहार तोडणं. म्हणजे एखाद्याचं बँक खातं गोठवायचं, उधारी बंद करायची आणि माल न्यायला गाडीही मिळू द्यायची नाही. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. त्यानंतर अमेरिका, युरोप आणि मित्रदेशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे ३०० अब्ज डॉलर गोठवले. काही रशियन बँकांना 'स्विफ्ट' या जागतिक बँक-संदेश यंत्रणेतून काढलं. डिसेंबर २०२२ पासून रशियाच्या कच्च्या तेलाला पिंपामागे ६० डॉलरची मर्यादा घातली.

अंदाज कुठे चुकले?

मार्च २०२२ मध्ये एका डॉलरला १२० हून जास्त रूबल मोजावे लागत होते. रूबल मातीमोल झाला, असं खुद्द अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडेन म्हणाले. जूनमध्ये तोच दर ६० च्या खाली आला. रशियाची अर्थव्यवस्था त्या वर्षी साडेआठ टक्क्यांनी घटेल, असा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा अंदाज होता. प्रत्यक्षात घट त्याहून बरीच कमी झाली. कारण रशियाचं तेल भारत आणि चीनकडे वळलं.

मग काहीच बिघडलं नाही का? तसंही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये रशियाच्या मध्यवर्ती बँकेला महागाई रोखायला व्याजदर २१ टक्क्यांवर न्यावा लागला. निर्बंधांचा परिणाम ठिबकसारखा हळूहळू होतो. तो रोजच्या चर्चेत दिसत नाही.

बोलण्यावरही बंदी

युरोपियन युनियनने मार्च २०२२ मध्ये रशियाच्या 'आरटी' आणि 'स्पुटनिक'चं प्रसारण बंद केलं. त्याच महिन्यात रशियाने सैन्याबद्दल 'खोटी माहिती' देणाऱ्याला १५ वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा कायदा केला. कोण काय बोलतं, हेही युद्धाचंच हत्यार आहे.

आपला संबंध काय?

भारत जवळपास सगळं पोटॅश बाहेरून आणतो. रशिया आणि बेलारूस त्याचे मोठे पुरवठादार. रशियन खतावर अमेरिकेची थेट बंदी नव्हती, पण बँका, जहाजं आणि विम्याच्या अडचणी आल्या. बेलारूसच्या पोटॅशवर मात्र निर्बंध होतेच. २०२२ मध्ये एमओपीची ५० किलोची गोणी १७०० रुपयांपर्यंत गेली. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांवरच राहिली. कारण वाढीचा भार सरकारने उचलला. २०२२-२३ मध्ये खत अनुदान सुमारे अडीच लाख कोटींवर पोहोचलं.

सूर्यफूल तेल महागलं ते वेगळ्या कारणाने. ते बहुतांश युक्रेनमधून यायचं आणि युद्धामुळे तिथली बंदरं बंद पडली. तो निर्बंधांचा परिणाम नव्हता. चर्चेत नेमकी याचीच सरमिसळ होते.

क्लिप पुढे पाठवण्याआधी

• क्लिप कोणत्या तारखेची आहे?
• आकडा दिलाय की नुसता आवाज चढवलाय?
• याच माणसाचा मागचा अंदाज खरा ठरला होता का?

खताचा साठा करायचा की सोयाबीन थांबवून ठेवायचं, हे क्लिपवरून ठरवू नका. गोणीवर छापलेली किंमत आणि बाजार समितीतला त्या दिवसाचा भाव पाहा. चर्चा करणाऱ्याचा अंदाज चुकला तर त्याचं काही जात नाही, शेतकऱ्याचा मात्र हंगाम जातो.