समन्वयकाचे कौशल्य

स्वतःचा व्यवसाय चालवणाऱ्या माणसाला एक प्रकारचे एकाकीपण सोसावे लागते. उधारी थकली, माल पडून राहिला, तर ही चिंता तो नोकरांपुढे मांडू शकत नाही आणि घरच्यांना सांगण्यास कचरतो. म्हणूनच समान स्थितीतील दहाबारा व्यावसायिकांनी ठरावीक दिवशी एकत्र जमून परस्परांच्या अनुभवाचा लाभ घेणे हितावह ठरते. अशा गटाचे यश बव्हंशी त्याच्या समन्वयकावर अवलंबून असते.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात १७२७ साली बेंजामिन फ्रँकलिन या तरुण मुद्रकाने ‘जंटो’ नावाचे मंडळ स्थापन केले. त्यात मुद्रक, सुतार, जोडे शिवणारा, भूमापक असे सदस्य होते. ते दर शुक्रवारी सायंकाळी जमत. शहरात कोणाचा व्यवसाय बुडाला व का, कोणाची भरभराट झाली व कशामुळे, हे प्रश्न तेथे ठरलेले असत. वाद जिंकण्याच्या ईर्षेने बोलणे निषिद्ध होते. पुढे तर ‘माझेच खरे’ अशा थाटात बोलणाऱ्यास किंवा दुसऱ्याचे म्हणणे सरळ खोडून काढणाऱ्यास लहानसा दंड होऊ लागला.

या नियमांचे मर्म आजच्या समन्वयकानेही जाणून घ्यावे. समजा, बैठकीत एक शिंपी म्हणाला, “काम भरपूर आहे, पण हाती पैसा उरत नाही.” लगेच कोणी म्हणेल, ‘दर वाढवा’, कोणी म्हणेल, ‘उधारी बंद करा’. कुशल समन्वयक त्यांना सौम्यपणे थांबवतो आणि विचारतो, “एक सदरा शिवायला दोरा, बटणे, वीज आणि मजुरी धरून किती खर्च येतो?” शिंपी हिशेब करू लागला, की अडचणीचे मूळ त्याचे त्यालाच दिसू लागते. त्यानंतर इतरांनी उपदेश न करता आपापला अनुभव सांगावा. जो फार बोलतो त्याला आवरावे. जो गप्प बसतो त्याला आवर्जून बोलते करावे.

गुप्तता हा अशा गटाचा प्राण होय. एखाद्याच्या थकलेल्या कर्जाची गोष्ट बाजारात पसरली, तर घाऊक व्यापारी त्याला उधार माल देणे थांबवतो आणि सावरू शकणारा धंदाही बुडतो. म्हणून बैठकीतील बोलणे बाहेर न नेण्याचे वचन प्रत्येकाकडून आधीच घ्यावे.

बैठक संपताना प्रत्येकाने एक निश्चित कृती ठरवावी आणि पुढील बैठकीत प्रथम तिचीच विचारणा व्हावी. उत्तरे देण्यापेक्षा योग्य प्रश्न विचारून उत्तर शोधण्याचे बळ देणे, हेच समन्वयकाचे खरे कार्य आहे.