आगीचा बंब आणि त्यावरील माणसे

जबलपूर हे दारूगोळ्याच्या शेजारी वसलेले शहर आहे. तोफगाड्यांचा कारखाना येथे १९०४ पासून आहे. खमरियाचा दारूगोळा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभा राहिला. मार्च २०१७ मध्ये याच खमरियात एका इमारतीस आग लागून स्फोटांची मालिका झाली, तेव्हा तिचे हादरे शहराने अनुभवले. तथापि शहरातील माणसे दगावतात ती बहुधा अगदी साध्या आगीत. १ ऑगस्ट २०२२ रोजी येथील एका खाजगी रुग्णालयात प्रवेशद्वाराकडील भागात आग लागली. ये-जा करण्याचा मार्ग तेवढा एकच होता. आठ जणांना प्राण गमवावे लागले.

अशा दुर्घटनेनंतर नव्या बंबांची मागणी होते, आणि ती रास्तच असते. परंतु बंब पैसे देऊन विकत घेता येतो, त्यावरील तुकडी मात्र घडवावी लागते, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. येथे थोडा हिशेब पाहू. केंद्र शासनाच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीचे प्रमाण असे की, तीन लाख वस्तीपर्यंत दर ५०,००० लोकांमागे एक बंब असावा व त्यापुढे दर लाखास एक. २०११ च्या जनगणनेनुसार जबलपूर महानगरपालिकेच्या हद्दीत सुमारे साडेदहा लाख लोक राहत होते. म्हणजे सुमारे १४ बंब झाले. आता एका बंबावर सहा माणसे धरू. आठवड्याचे तास १६८. एक माणूस ४८ तास काम करतो. तेव्हा बंबावरील एक जागा अहोरात्र भरलेली ठेवावयाची तर हजेरीपटावर साडेतीन माणसे हवीत. आणि रजा, आजारपण व प्रशिक्षण धरले तर चार. एका बंबास २४, चौदा बंबांस ३३६! यांत अधिकारी, नियंत्रण कक्षातील कर्मचारी व गाड्यांची दुरुस्ती करणारे कारागीर धरलेलेच नाहीत. हजेरीपट अपुरा असला की बंब तीनच माणसांनिशी निघतो, आणि तीन माणसांना एकाच वेळी पंप चालविणे, होज पसरणे व धुरात शिरणे शक्य नसते.

या माणसांना काय शिकवावयाचे? पंप चालविणाऱ्यास दाबाचे गणित तोंडपाठ पाहिजे: होज दहा मीटर उंच नेला की सुमारे एक किलो दाब केवळ चढण्यातच खर्ची पडतो, आणि होजच्या लांबीत जातो तो वेगळाच. धुरात शिरणारा जमिनीलगत सरपटत, भिंत न सोडता जातो, आणि परत येताना त्याचा होजच त्याला वाट दाखवितो. त्याच्या पाठीवरील सहा लिटरच्या नळकांड्यात ३०० बार दाबाने सुमारे १८०० लिटर हवा असते. मिनिटास ४० लिटर धरले तर ती ४५ मिनिटे पुरावी. पण जिना चढताना, माणूस उचलताना श्वास दुप्पट वेगाने चालतो. हे कागदावर वाचून कळते. अंगी मात्र पुन्हा पुन्हा केलेल्या कवायतीनेच येते.

अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी १९५६ मध्ये रामपूर येथे राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय स्थापन झाले व पुढील वर्षी ते नागपुरास हलविण्यात आले. राज्यपुनर्रचनेने १९५६ मध्ये जबलपूरची राजधानी नागपूर राहिली नाही. अग्निशमन विद्येची राजधानी मात्र तीच झाली, असे म्हणावयास हरकत नाही. तेथे सब-ऑफिसरपासून वरिष्ठ अधिकाऱ्यांपर्यंतचे अभ्यासक्रम चालतात.

अधिकाऱ्याचे खरे काम होज धरण्याचे नसून निर्णय घेण्याचे होय. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजास आग लागली. जहाजावर कापसासोबत सुमारे १,४०० टन स्फोटके होती. दुपारी दोनच्या सुमारास आगीची वर्दी गेली. पहिला महास्फोट चारनंतर झाला. मधले दोन तास जहाज बुडवावे की गोदीबाहेर न्यावे याची चर्चा झाली. कप्तान, गोदीचे अधिकारी, स्फोटकांचे जाणकार, अग्निशामक दलाचे अधिकारी असे सारे तेथे हजर होते. परंतु ज्याचा शब्द अखेरचा मानावा असा एकही नव्हता. जवान पाणी मारीत राहिले. दलाचे ६६ जण त्या दिवशी मृत्यू पावले. कारखाने, लष्कर आणि महानगरपालिका अशा तिहींच्या तुकड्या ज्या शहरात एकाच आगीवर येऊ शकतात, त्या शहराने या दोन तासांचा अभ्यास अवश्य करावा, असे आम्हांस वाटते.

म्हणूनच आगीच्या ठिकाणी पोहोचताच प्रमुख कोण हे प्रथम जाहीर करावयाचे असते. त्याने इमारतीला शक्य तितका वळसा घालावा, आत कोणी आहे काय हे विचारावे आणि मगच माणसे जोडीने आत धाडावीत. दाराशी एक जण फळा घेऊन उभा राहतो. कोण, किती वाजता, किती हवा घेऊन आत गेला हे तो लिहितो व बाहेर येण्याची वेळ मांडतो. त्या वेळी कोणी परतला नाही तर त्याने प्रमुखास तत्काळ कळवावयाचे असते. अपुऱ्या तुकडीत सर्वांत आधी रिकामी राहते ती याच माणसाची जागा.