बालकांचे निद्रापूर्व भय व वैद्यांचे कर्तव्य

दिवसा खेळात रमलेले मन शय्येवर निवांत होताच ‘आई मरेल का?’ यासारखे विचार बालकास ग्रासतात. राक्षस-पिशाचांची नावे घेऊन बालकास भिववू नये, असे चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या ८ व्या अध्यायात बजावले आहे. पालकांना प्रथम हेच सांगावे. सत्त्वावजय म्हणजे अहितकर विषयांपासून मन परावृत्त करणे. मात्र ‘विचार करू नकोस’ असे दरडावल्याने तो अधिकच उसळतो. म्हणून सायंकाळीच बालकाचे म्हणणे शांतपणे ऐकावे. नंतर पादाभ्यंग करून आवडत्या गोष्टीकडे मन वळवावे. औषधविक्रेत्यांनी केवळ मागणीवरून सर्पगंधायुक्त कल्प देऊ नयेत. त्यातील रिसर्पिनमुळे विषण्णता उद्भवू शकते. वारंवार हात धुणे, शाळा टाळणे वा स्वतःस इजा करण्याचे विचार आढळल्यास बालमनोविकारतज्ज्ञांकडे विनाविलंब पाठवावे.